त्रिनिदादचे सात पोचे

तमाम नातेवाईक, शेजारीपाजारी आणि आमच्या महाडच्या भजनी मंडळातील भगिनींना याद्वारे अत्यंत जबाबदारीने कळविण्यात येते, की ऐन ऑगस्टात, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना मस्कतला गेलेली मी पंधरा दिवसांनी धडधाकट परत आले आहे. आणलेले खजूर संपले आहेत. त्याचप्रमाणे असेही कळविण्यात येते, की या मुक्कामात आमच्या घराण्याच्या हातून एका सार्वभौम देशाचे राष्ट्रीय वाद्य बिघडले. त्यात अर्धा वाटा माझ्या धाकट्या भावाच्या हातोडीचा आणि अर्धा माझ्या जिभेचा आहे. आळीत याबद्दल उलटसुलट काही कानावर येण्याआधी खरं काय घडलं ते माझ्याकडूनच ऐका.

वादी अदाई

माझा भाऊ नंदू सव्वीस वर्षं ओमानमध्ये डेंटर आहे. ठोकर लागलेली गाडी त्याच्याकडे येते, आणि तो हातोडीने तिचे पोचे काढून पत्रा पुन्हा सरळ करतो. आमचे वडील तांबट. त्यांचं काम बरोबर उलटं होतं. ते गुळगुळीत हंड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके मारून चकचकीत टिकल्या उमटवायचे. त्याला मठारकाम म्हणतात. स्टील आणि प्लास्टिक आलं, आमची भट्टी विझली, आणि नंदूने तोच हात घेऊन विमान पकडलं. तो फार बोलत नाही. आमच्या घरातलं बोलणं सगळं माझ्या वाट्याला आलं आहे.

त्याची बायको मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी महाडला गेली होती. "घर रिकामं आहे ताई, ये," म्हणाला. ऑगस्टात तिकीट स्वस्त का मिळतं, हा प्रश्न मला विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकल्यावर पडला. चष्म्यावर वाफ धरली आणि पुढची दोन मिनिटं मी एका अनोळखी माणसालाच "नंदू, वाळलास रे!" म्हणत होते.

मस्कतच्या वादी अदाई भागात त्याच्या घराच्या खिडकीतून डोंगर दिसतो. डोंगर म्हणजे नुसता डोंगर. अंगावर गवताची काडी नाही, खाली इमारती आणि त्यांच्या पाठीला लटकलेले एसीचे डबे. वादी म्हणजे नदीचं पात्र, हे कळल्यावर मी उत्साहाने नदी बघायला गेले. पात्रात गाड्या लावलेल्या होत्या. ऑगस्टात आमच्या सावित्री नदीचं पाणी कुठवर चढलं याची चौकशी केल्याशिवाय न झोपणारी मी, त्या कोरड्या पात्राकडे बघत बराच वेळ उभी राहिले. इथल्या लोकांना नदीची भीती नसेल, असं घरी येऊन नंदूला म्हटलं. नंदू म्हणाला, "असते. वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवशी येते, पण सांगून येत नाही."

रुसैल

घरात एकटी बसून काय करणार? सोमवारी मी नंदूबरोबर रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत त्याच्या शेडवर गेले. शेडचे मालक अबू सालेम, पांढरा शुभ्र झगा घातलेले ओमानी गृहस्थ. सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे धनी, म्हणतात. त्यांनी मला मानाने बसवलं आणि चिमुकल्या पेल्यात वेलचीचा कहवा दिला. प्यायले. पुन्हा भरला. पुन्हा प्यायले. आपल्याकडे पाहुण्याने आधी नको नको करायचं आणि मग घ्यायचं. मी मनापासून नको नको केलं, त्यामुळे तो भरत राहिला. सहाव्या पेल्याला नंदू गाडीखालून ओरडला, "ताई, पेला हलव! हलवल्याशिवाय थांबत नाहीत ते!"

त्याच वेळी इंद्रा आली. पंचेचाळिशीची, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात शेजारच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेचं ओळखपत्र. रंगरूप असं, की मी सरळ मराठीत "या, बसा" म्हटलं. तिने गाडीच्या डिकीतून एक चकचकीत, बसकी, परातीएवढी वस्तू उतरवली. घर बदलताना हमालांनी आपटली, बाहेरचा काठ आत गेलाय, स्टँडवर डगमगते, तेवढं सरळ करून हवंय, असं ती नंदूला इंग्रजीत म्हणाली. "गुरुवारी वाजवायचं आहे. आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन साजरा करतोय."

"इंडियात कुठल्या तुम्ही?" मी विचारलं.

"कुठल्याच नाही."

"म्हणजे मूळच्या?"

"मूळची पोर्ट ऑफ स्पेनची. त्रिनिदाद." हे वाक्य तिने बऱ्याचदा उच्चारलेलं असावं. ते रागाने नाही, पण दार लोटून घ्यावं तसं आलं. "माझे पणजोबा उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून इंडियातून आले. मी कधी गेलेले नाही. संध्याकाळी घेऊन जाईन." आणि गेली.

आता गुन्ह्याकडे वळते. उन्हाळ्यात दुपारी इथे बाहेर उन्हात काम करायला बंदी असते, त्यामुळे शेडमध्येही सगळं सुस्त असतं. नंदूने बाईंच्या वस्तूचा काठ अर्ध्या तासात सरळ केला. मग त्याने वस्तू उलटीपालटी करून बघितली. तेलाचं पिंप कापून त्याचा तळ खोलगट केलेला. पण तो तळ! जागोजागी फुगलेला, खालून पाहिलं तर पोचेच पोचे, आणि प्रत्येक पोच्याभोवती कोरल्यासारख्या रेघा.

"पार वाट लागलीय," नंदू म्हणाला. "हमालांनी फुटबॉल खेळला की काय याचा!"

"वाजवायचं म्हणत होती ना?" मी म्हटलं. मी भजनी मंडळात पेटी वाजवते, त्यामुळे जगातल्या सर्व वाद्यांतलं मला कळतं. "म्हणजे ढोल आहे हा. ढोलाचं पान कसं तुकतुकीत हवं. एवढे पोचे असल्यावर आवाज काय कपाळ येणार? काढून दे रे बिचारीला. परमुलखात एकटी बाई. तुझा वेळ जाईल तेवढाच."

नंदूने डॉली खाली धरली आणि वरून हातोडी चालवली. डॉली म्हणजे पत्र्याच्या पाठीला टेकवायचा लोखंडी ठोकळा. काय त्याचा हात! बाहेरच्या कडेने एकामागून एक सात फुगवटे असे सपाट झाले, की मला अभिमानाने भरून आलं. उरलेले चहानंतर करू, मग पुट्टी, मग स्प्रे, असा बेत ठरला. रंग कोणता द्यावा यावर आमचं थोडं बोलणंही झालं.

इंद्रा पाच वाजता आली. तिने काठ बघितला, हसली. मग आत बघितलं. ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने पिशवीतून रबराचं टोक असलेल्या दोन काड्या काढल्या आणि आतल्या वर्तुळातल्या एका फुगवट्यावर टेकवल्यासारखी एक मारली.

सूर आला. नितळ, ओला, देवघरातल्या घंटेला पाझर फुटावा तसा. तिने शेजारच्या फुगवट्यावर मारलं. दुसरा सूर. मग बाहेरच्या कडेला, नंदूने गुळगुळीत केलेल्या जागी.

ठक्.

प्रत्येक पोचा म्हणजे एक सूर होता. एकोणतीस सुरांपैकी सात आम्ही प्रेमाने, फुकटात काढून टाकले होते.

नंदूच्या हातातला चहा तसाच राहिला. अर्बाब पुढे आले आणि म्हणाले, "नया लाओ. पैसा मैं देगा." इंद्राने मान हलवली. असं वाद्य मस्कतच्या बाजारात मिळत नव्हतं, आणि गुरुवार तीन दिवसांवर होता. ती मटकन खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "या देशात मला अकरा वर्षं झाली. रोज कोणीतरी विचारतं, इंडियात कुठल्या. वर्षातून एक संध्याकाळ असते, जेव्हा हे वाजतं आणि कोणी विचारत नाही."

मला वाटलं, त्या वादीत आत्ता पूर यावा आणि मी त्यात वाहून जावं.

मग तिने फोन लावला. तिच्या बेटावर तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. पडद्यावर एक म्हातारे काळे गृहस्थ दिसले, बनियनवर, हातात पावाचा तुकडा. हे बर्टीकाका. हा पॅन त्यांनीच घडवला होता. त्या वाद्याला पॅनच म्हणतात. इंद्राने फोन पॅनकडे वळवला. काका चघळायचे थांबले.

"हे कोणी केलं?"

नंदूने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"सुंदर काम आहे," काका म्हणाले. "इतकं सपाट मी जन्मात करू शकलो नसतो. आता त्याला म्हणावं, मोड ते."

"बाप काय करत होता त्याचा?" त्यांनी पुढे विचारलं. मी माझ्या इंग्रजीत तांब्याचे हंडे, हातोडी, टिकल्या, असं सगळं हातवारे करून दाखवलं. काका खो खो हसले. "मग बापाला आठव म्हणावं, आणि गाड्या विसर!"

अडचण एवढीच होती, की फोनवरून सूर चिरकट पोचतो. काकांना ऐकून सांगता येईना. "तिथे कान कोणाला आहेत?" त्यांनी विचारलं. मी पेला न हलवणारी बाई, मी हात वर केला.

मत्रा

मंगळवारी सकाळी मी टॅक्सीने एकटी मत्राच्या जुन्या बाजारात गेले. माफी मागायला रिकाम्या हाताने कसं जायचं? समुद्राकाठी मासळीबाजारात सुरमई इतकी स्वस्त आणि इतकी मोठी होती, की आमच्याकडच्या कोळणी आठवून मी उगाचच घासाघीस केली. विक्रेता हसला आणि मला एका लाकडी ओंडक्यावर बसवून गार लबान, म्हणजे ताक, पाजलं. सुरमई घेतली नाहीच. ओमानी हलवा घेतला. तो आपल्या हलव्यासारखा दिसत नाही, खळीसारखा थरथरतो. पण गुलाबपाणी आणि केशर घालून तासन् तास घोटल्याची चव जिभेवर टाकताच कळते.

संध्याकाळी शेडच्या कोपऱ्यात इंद्राने तो बोटाने चाटत खाल्ला, आणि मग मोकळेपणाने बोलली. तिच्या बेटावर इंग्रजांनी काळ्या लोकांचे ढोल बंद केले. त्यांनी बांबू आपटून ताल धरला. तोही बंद केला. मग त्यांनी बिस्किटांचे डबे, कचऱ्याची झाकणं, आणि शेवटी तेलाची पिंपं घेतली. पॅन वाजवणाऱ्या पोरांना पोलीस पकडून न्यायचे.

"आणि आमची आजी," ती म्हणाली, "पोलिसांच्या बाजूची. म्हणायची, ते त्यांचं आहे, आपलं नाही. आपली पेटी आहे, आपला ढोलक आहे. मी शाळेतून येताना बर्टीकाकांच्या अंगणात लपून शिकले. एक दिवस आजीने खिडकीतून ऐकलं. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, ते दुसरं गाणं जरा हळू वाजव, पळतेस तू."

मी हसले. ती मात्र हसली नाही. "आमच्या राजचिन्हावर इतकी वर्षं कोलंबसची तीन गलबतं होती. आता ती काढली आणि तिथे पॅन ठेवला. ती बातमी वाचली तेव्हा मी लॅबमध्ये होते. कोणाला सांगू? शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, काँग्रॅच्युलेशन्स, पण तुमच्या इंडियात दिवाळीला सुट्टी असते ना?"

आपण देश म्हणतो तेव्हा काय म्हणतो, हा विचार मला त्या शेडमध्ये, ग्रीसच्या वासात पहिल्यांदा नीट शिवला. आपला देश आपल्याला आयता मिळालेला. राष्ट्रगीत लागलं की उभं राहायचं, संपलं की खुर्ची शोधायची. या बाईच्या लोकांना समुद्रापलीकडून आणून एका बेटावर टाकलं होतं. कोणी बेड्यांत आलं, कोणी करारावर अंगठा उठवून. त्यांनी फेकून दिलेल्या पिंपातून सूर काढला आणि म्हटलं, हे आमचं. हे दुसऱ्या कोणी आम्हाला दिलेलं नाही.

आणि त्यातले सात आम्ही पुसले होते.

पुन्हा रुसैल

मंगळवार आणि बुधवार, दोन्ही संध्याकाळी अर्बाबनी एक गोष्ट केली, तिचं मोल मला तेव्हा कळलं नाही. सहाच्या ठोक्याला त्यांनी कंप्रेसर बंद करवला, ग्राइंडर बंद, रेडिओ बंद. शेजारच्या शेडमध्ये स्वतः जाऊन "खलास, खलास" म्हणत त्यांचंही काम थांबवलं. अख्ख्या रुसैलमध्ये आमच्या एका कोपऱ्यात शांतता होती.

पद्धत अशी. बाहेरच्या वर्तुळातला सूर गेला असला, तरी आतल्या वर्तुळात तोच सूर वरच्या सप्तकातला शाबूत होता. इंद्रा तो वाजवायची. मी तो कानात धरून खालच्या सप्तकात गुणगुणायची. नंदू खालून ठोकून पत्रा वर उचलायचा. बर्टीकाका पडद्यावरून ओरडायचे, "मध्ये नको! कडेला! सूर कडेला बांधलेला असतो!"

"एफ शार्प," इंद्रा सांगायची.

"काळी तीन," मी पेटीच्या भाषेत नंदूला सांगायची. त्याला दोन्ही सारखंच.

"ताई, वर की खाली, तेवढं बोल."

"वर. अजून. अजून. अरे, फार झाला! उतर."

"आता?"

"आता मांजरीसारखा वाटतोय."

"मांजर वर की खाली?"

पहिल्या सुराला पावणेदोन तास लागले. तो आला तेव्हा नंदूने हातोडी खाली ठेवली, पॅनवर आडवा हात फिरवला आणि मग खिशातून जुनी, छोट्या तोंडाची एक हातोडी काढली. गाडीच्या कामाची नव्हती ती, मठारकामाची. लाकडी दांडा हातात धरून काळा झालेला. मी ओळखली. ही त्याने सव्वीस वर्षं इथे ठेवलीय हे मला माहीत नव्हतं. पुढचे तीन सूर मात्र लवकर आले.

उरलेले तीन आले नाहीत. पत्रा वर यायचा, आवाज यायचा, पण सूर धरेना. बुधवारी रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तेव्हा काका म्हणाले, "पुरे. थकलेल्या पत्र्याला मारलं तर फाटतो. त्याला झोपू दे."

नंदूने पॅन फडक्याने पुसून इंद्राला दिला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "सॉरी मॅडम. थ्री नॉट फिनिश." सव्वीस वर्षांत त्याने अर्धवट काम गिऱ्हाइकाच्या हाती दिलेलं नव्हतं.

गुरुवार

"मी येत नाही," नंदू म्हणाला. "तिकडे काय तोंड दाखवू? तू जा."

"मला रस्ता माहीत नाही."

"टॅक्सी सांगतो."

"टॅक्सीवाला इंडियात कुठल्या विचारेल. मी त्याला तासभर महाड सांगत बसेन, कार्यक्रम संपेल."

त्याने शर्टाला इस्त्री केली.

एका बंगल्याच्या दिवाणखान्यात पंधरा-सोळा माणसं जमली होती. काळी, गव्हाळ, मिश्र, एक चिनी चेहऱ्याचे आजोबाही. सगळे त्याच बेटाचे. लाल, काळ्या, पांढऱ्या पताका लावलेल्या. इंद्राने आमची ओळख "माझे तंत्रज्ञ" अशी करून दिली आणि झालेल्या प्रकाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. आम्हाला दोन मऊ, पिवळ्या वड्यांमध्ये घातलेले छोले दिले. त्याला डबल्स म्हणतात. हे आमच्या चण्यांसारखंच आहे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते छोल्यांबरोबर गिळलं आणि विचारलं, "तुमच्याकडे हे रस्त्यावर मिळतं का?" त्यावर चार जण एकदम बोलायला लागले. कोणत्या कोपऱ्यावरचं चांगलं, यावरून वाद झाला. कोपरा कोणाचा बरोबर, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. नंदूने चार खाल्ले, पण खाली बघून.

मग सगळे उभे राहिले. इंद्रा पॅनमागे गेली. राष्ट्रगीत सुरू झालं.

मी श्वास रोखून बोटं मोजत होते, कारण मुके सूर कोणते ते मला पाठ होतं. पहिल्या ओळीत एकही नव्हता. दिवाणखाना त्या ओल्या सुरांनी भरत गेला. दुसऱ्या ओळीत पहिला आला.

ठक्.

दोन-तीन चेहरे वर झाले. नंदूने डोळे मिटले. इंद्राने वाजवणं सोडलं नाही. पुढे पुन्हा तीच जागा आली, पुन्हा ठक्. तिचा खालचा ओठ दाताखाली गेला. आणि तिसऱ्यांदा ती जागा आली, तेव्हा चिनी आजोबांनी तो सूर तोंडाने दिला. साधा "आ". जाड, थोडा खालचा, पण बरोबर जागेवर. पुढच्या मुक्या जागेला पाच-सहा आवाज आले. त्यापुढच्या जागेला सगळे. काळे, गव्हाळ, मिश्र. जिथे पॅन गप्प व्हायचा तिथे ती माणसं उघडायची, आणि तो बोलायला लागला की पुन्हा गप्प राहायची. शेवटच्या ओळीत एक मुका सूर लांबवायचा होता. इंद्राने काडी हवेतच थांबवली, मारलीच नाही. तिने मान वर केली आणि तो सूर सगळ्यांबरोबर स्वतःच्या गळ्यातून काढला.

संपलं. कोणी टाळी वाजवली नाही. एसीचा आवाज तेवढा येत होता. इंद्राच्या हातात काड्या तशाच, गालांवरून पाणी.

आणि त्या शांततेत माझा भाऊ, छाती काढून, हात शिवणीला लावून परक्या देशाच्या राष्ट्रगीताला उभा असलेला, चार माणसांत कधी तोंड न उघडणारा माझा भाऊ, तिथे मराठी कोणालाच कळत नाही हे साफ विसरून, खणखणीत आवाजात म्हणाला,

"बाई, उद्या शुक्रवारची सुट्टी, राहिलेले तीन पोचे पाडून देतो!"